पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना पाणी कोणी पाजलं

साल दोन हजार पंचवीस, माझं वय अठ्ठ्याहत्तर. तुमचं शहात्तर. लहान तुम्ही, आणि गेलात आधी तुम्ही. बाई, हे काही बरं केलं नाहीत. आपलं भांडण चालू होतं. भांडण चालू असताना माणूस असा उठून जातो का?

मला कळलं ते फोनवरच्या ग्रुपवरून. अमेरिकेतल्या या डब्लिनमधल्या मराठी लोकांचा तो ग्रुप. रोज सकाळी कोणीतरी फुलाचं चित्र टाकतं आणि कोणाला तरी एअरपोर्टला राइड पाहिजे असते. त्यात मधेच तुमचा फोटो आणि खाली जोडलेले हात. सुनेनं वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. त्याच्याखाली लगेच कोणी विचारलं होतं, मग रविवारचं पॉटलकचं जेवण कॅन्सल करायचं का? मला फार राग आला. त्या विचारणाऱ्यावर नाही, तुमच्यावर.

निरोपाच्या दिवशी त्या हॉलमध्ये सगळे काळे कोट घालून बसले होते. एकेकानं उठून दोन मिनिटं बोलायचं. बाई किती शांत होत्या, बाई कधी कोणाला दुखवून बोलल्या नाहीत. मी ऐकतोय आणि मनात म्हणतोय, ही कुठली बाई? सतीश, माझा मुलगा, कोपरानं ढोसत होता. "बाबा, तुम्ही बोला ना दोन शब्द." मला दोन शब्द बोलायचे नव्हते. मला भांडायचं होतं, आणि तुम्ही समोर झोपून होतात, उत्तर देणार नव्हतात. एकतर्फी भांडायची मला सवय नाही. मी उठलोच नाही. सतीश गाडीत म्हणाला, "बरं दिसलं नाही, बाबा." नसेल दिसलं.

म्हणून आता लिहितोय. चौथी शिकलेला माणूस लिहितोय. एकेका ओळीला वेळ लागतो, आणि मधे उठून पाणी प्यावं लागतं. तुमचा तो लाल पेन काढू नका.

आपली ओळख एका मेलेल्या पक्ष्यावरून झाली. आमच्या मागच्या काचेच्या दारावर तो लाल तुऱ्याचा कार्डिनल आपटला आणि जागीच गेला. मी उचलला तेव्हा अंग गरम होतं. चौतीस वर्षं मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राण्यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. कागदावर शिपाई. पण काम म्हणजे मेलेले पशुपक्षी सोलायचे, कीड लागू नये म्हणून आत सोमल लावायचा, कापूस भरायचा, शिवायचे, आणि जिवंत असल्यासारखे बसवायचे. हात आपोआप त्या पक्ष्याचं पोट चाचपायला लागले. मी कागद कापायचं पातं घेऊन मागच्या पायरीवर बसलो. नात ओरडली, "आजोबा, यू कान्ट! दॅट्स इल्लीगल!" सून म्हणाली, "बाबा, प्लीज, जर्म्स असतात." तेवढ्यात तुम्ही फिरायला निघालेल्या, डोक्याला टोपी, पायात पांढरे बूट. गवतावरून सरळ आत आलात.

"काय करताय?"

"सोलतोय."

"सुरुवात कुठून करतात?"

बाई, इथं येऊन मला सहा वर्षं झाली होती तेव्हा. इतक्या वर्षांत मला काय काय विचारलं होतं लोकांनी. इथं करमतं का, गुडघे कसे आहेत, टीव्हीवर मराठी चॅनल लागतं का. सुरुवात कुठून करतात, असं कोणी विचारलं नव्हतं. मी दाखवलं. छातीच्या हाडापासून खाली सरळ रेघ, पण इतकी वरवर की आतली पिशवी फाटू नये. तुम्ही वाकून बघितलंत. मग म्हणालात, "मुलगी बरोबर बोलतेय. हे पक्षी घरात ठेवायला इथं बंदी आहे. आता पुरून टाकू या. पण पुरण्याआधी सगळं सांगा." आणि मी पातं न लावता, नुसत्या बोटानं, शेपटीपर्यंत सगळं सांगितलं. तुम्ही खिशातल्या चिठोऱ्यावर लिहून घेत होतात. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग कळलं की तुम्ही नाशिकला शाळेत शास्त्र शिकवायचात, आता लेकीकडे राहता, दर शनिवारी इथल्या मुलांना मराठी शिकवता, आणि त्यांच्यासाठी एक पुस्तक लिहिताय. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या राष्ट्राध्यक्षानं दोन कप्तानांना पश्चिमेला पाठवलं, कोणी न पाहिलेल्या मुलखात. नदीनं उलटं वर जा, डोंगर ओलांडा, समुद्र गाठा, आणि वाटेत जे प्राणी, पक्षी, झाडं दिसतील त्यांची माहिती आणा, जमलं तर तेच घेऊन या. मी विचारलं, "यात आपलं काय?" तुम्ही म्हणालात, "मुलांचा देश हा आहे, भिकाजीराव. भाषा तेवढी आपली आहे. त्यांच्या देशाची गोष्ट त्यांना आपल्या भाषेत का मिळू नये?"

भिकाजीराव. कॉलेजात मी भिकू होतो, आमचे प्रोफेसर साहेब रागावले की भिक्या. इथं काका नाहीतर आजोबा. नावाला राव लावणाऱ्या तुम्हीच. आणि मग पुढं जे केलंत ते तुम्हीच केलंत, म्हणून जास्त लागलं. पण ते नंतर.

रोज सकाळी दहाला मीनलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मीनल, तुमची लेक, ऑफिसची मीटिंग वरच्या खोलीत घ्यायची आणि आपला आवाज वाढला की जिन्यातून ओरडायची, "आई, आय ॲम ऑन अ कॉल!" आपला आवाज रोज वाढायचा.

पहिलं भांडण आठवतंय का? तुम्ही लिहिलं होतं, कप्तानांनी वाटेत अनेक नमुने गोळा केले. मी म्हटलं, "गोळा केले म्हणजे काय? बोरं आहेत काय ती? मारले म्हणा."

"लहान मुलं आहेत, भिकाजीराव."

"लहान मुलांना चिकन नगेट्स चालतात ना?"

तुम्ही दोन दिवस अडून बसलात. तिसऱ्या दिवशी वाचून दाखवलंत: गोळी घालून मारले, कातडं काढलं, हाडं साफ केली, वाळवली, पेटाऱ्यात भरली. शनिवारी वर्गात वाचलंत तेव्हा एक मुलगी रडली. तिच्या आईनं ग्रुपवर लांबलचक लिहिलं, की क्लासमध्ये व्हायलन्स नको. मी म्हटलं, "बदला आता. मी काही म्हणणार नाही." तुम्ही म्हणालात, "जे झालं ते झालं. मी त्या आईशी बोलते." बोललातही. त्यात माझं नाव कुठं घेतलं नाहीत, सगळं स्वतःवर घेतलंत. त्याबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही. आता म्हणतो, ते चांगलं केलंत.

आणि ते बिळातलं पाणी! कप्तानांच्या लोकांनी माळावर प्रेअरी डॉग पाहिले. नाव कुत्र्याचं, जात खारीची. जमिनीखाली त्यांची गावंच्या गावं. जिवंत पकडायचं ठरलं. खणलं तर बीळ संपेना, म्हणून पाणी ओतलं. पाच पिंपं ओतली तरी बीळ भरलं नाही, असं कप्तानांनी वहीत लिहून ठेवलंय, तुम्हीच वाचून सांगितलंत. मुलं म्हणाली, खोटं. एक पोरगं म्हणालं, "बाई, नो वे, एका बादलीत भरेल." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. मीनलच्या परसात उतारावर ग्राउंडहॉगचं, त्या मांजराएवढ्या खारीच्या जातभाईचं, बीळ होतंच. झालं.

बागेचा पाइप होता, तुम्ही तो ओढायला निघालात. मी अडवलं. "कप्तानांकडे पाइप होता काय?" बादल्यांनीच ओतायचं. आठ मुलं रांगेत, मी नळाशी, तुम्ही बिळाशी, आणि मोजणी मराठीतून. कित्येकांना एकोणतीसच्या पुढं येत नव्हतं, त्या दिवशी सगळ्यांना एकेचाळीसपर्यंत आलं. एकेचाळीस बादल्या, बाई. बीळ नुसतं घटाघटा पीत होतं. बाहेर काही आलं नाही. मग कोणीतरी ओरडलं, आणि बघतो तर ते ग्राउंडहॉग वीस पावलांवर दुसऱ्या बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभं राहून आमची मजा बघतंय. पोरं गवतात लोळून हसली.

दुसऱ्या दिवशी खालच्या घरातला माणूस आला. त्याच्या बेसमेंटमधलं कार्पेट ओलं झालं होतं. मीनल डोक्याला हात लावून, "आई, व्हॉट वर यू थिंकिंग?" मी पुढं झालो, म्हटलं, नळ मी सोडला होता. तुम्ही मला मागं सारलंत, "कल्पना माझी होती." मी म्हटलं, "पाइप नको मी म्हणालो." तुम्ही म्हणालात, "बीळ मी दाखवलं." तो माणूस एक शब्द न कळता आपल्याकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी हसत गेला. कोणी काय केलं ते आपलं आपल्या अंगावर घ्यायला तेव्हा दोघंही तयार होतो.

त्या दिवशी तुम्ही पुस्तकातलं वाक्यही बदललंत. आधी लिहिलं होतं, कप्तानांनी बिळात पाणी ओतलं. माझे खांदे दुखत होते, मी म्हटलं, "कप्तानांनी ओतलं नसणार. ओतवलं असणार." तुम्ही वही चाळून बघितलीत, तर सगळा तांडाच त्या कामाला लागला होता. लगेच खोडलंत, लिहिलंत, माणसांनी नदीवरून पिंपं भरून आणली. पुरावा मिळाला की तुम्ही लगेच ऐकायचात. पुरावा नसला की भिंत.

आता त्या आभारांकडे येतो.

एप्रिलमध्ये तुम्ही पहिलं पान लिहून दाखवलंत. वर पुस्तकाचं नाव, त्याखाली तुमचं. मागच्या बाजूला आभार. लेकीचे, जावयाचे, लायब्ररीतल्या बाईचे. आणि शेवटची ओळ, कातडी काढण्याचे काम समजावून सांगितल्याबद्दल श्री. भिकाजी सुतार यांचे आभार.

तुम्हाला वाटलं मी खूश होईन. तुम्ही चहा टाकायला उठलात. बाई, तुम्हाला माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या कॉलेजात काचेच्या कपाटांत तीनशेच्या वर पक्षी आहेत, अजून असतील. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. पक्ष्याचं नाव, गाव, तारीख, आणि साहेबांचं नाव. मी सोलले, मी शिवले, मी डोळे बसवले. साहेबांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात शेवटच्या ओळीत आभार. आमच्या शिपायाचे. नावसुद्धा नाही.

मी म्हटलं, "ही ओळ काढा."

"का? काय चुकलं?"

"निम्मं पुस्तक माझ्या तोंडचं आहे. नाव घालायचं तर वर तुमच्या शेजारी घाला. नाहीतर कुठंच नको."

तुम्ही चहा तसाच ठेवून बसलात. तुमचा तो शाळेतला आवाज काढलात. "सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, भिकाजीराव. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. तुम्ही एक पान लिहून आणा, मी तुमचं नाव घालते."

एक पान लिहून आणा. मला! पेन्शनच्या कागदावर सही करताना ज्याला मागची माणसं लवकर करा म्हणायची, त्याला. मी उठलो. बूट घालायला वेळ लागला, त्या वेळात तुम्ही काही बोलाल वाटलं. बोलला नाहीत. मी दार ओढून घेतलं.

तुम्ही जाईपर्यंत सात आठवडे झाले त्याला. मी फिरायची वेळ बदलली. सकाळऐवजी दुपारी चार. एकदा तळ्याच्या पलीकडून तुमची टोपी दिसली. तुम्ही हात वर केलात. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. माझ्या बुटाला नाडी नसते, तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. वर बघितलं तेव्हा तुम्ही चालायला लागला होतात.

मला इतकंच विचारायचंय. ते तुम्ही खरंच म्हणालात, का मला जागा दाखवलीत? एक पान आणलं असतं, वेडंवाकडं, तर घातलं असतंत? का लाल पेन घेऊन त्याचं वाटोळं करून, बघा, म्हणाला असतात? हा एवढा जाब द्यायला थांबायला पाहिजे होतं. सात आठवडे तुम्हीही दार वाजवलं नाहीत. माझा हट्ट सगळ्यांना दिसतो. तुमचा कोणाला दिसला नाही, त्या काळ्या कोटवाल्यांना तर नाहीच.

तुम्ही गेल्यावर दहा दिवसांनी, सोमवारी, मीनल आली. हातात फाइल. डोळे सुजलेले, पण बसताबसता लॅपटॉप उघडला, तुमचीच लेक. म्हणाली, "काका, आईचं पुस्तक प्रिंट करायचंय. मुलांसाठी पन्नास कॉपीज. बुधवारी दुपारपर्यंत फाइल पाठवायचीय." मग थांबून म्हणाली, "मला माहितीये तुमचं काय झालं होतं ते. मी कव्हरवर दोघांची नावं टाकते. इट्स फाइन, काका. आईला आता काय फरक पडणार?"

मी म्हटलं, "फरक पडतो."

"मग काय करू? तुम्ही सांगाल तसं. यू डिझर्व्ह इट."

बघा, बाई. सात आठवडे जे मागत होतो ते असं ताटात वाढून आलं. आणि मला ते गिळेना. तुम्ही समोर असताना, दात ओठ खाऊन, शेवटी बरं बाबा म्हणून दिलं असतंत, तर मी गल्लीभर मिरवलं असतं. तुम्ही नसताना तुमच्या पुस्तकावर चढून बसायचं? ही कसली जीत? मी मीनलला म्हटलं, "फाइल ठेव इथं. परवा सकाळी सांगतो."

फाइल चाळली. मला वाचायला वेळ लागतो, पण तुमचं अक्षर शाळेच्या फळ्यासारखं. आभारांची ओळ होती तशीच होती. एक अक्षर बदललं नव्हतंत! मी फाइल आपटली. मग परत उघडली. सगळं पुरं होतं, फक्त एक पान कोरं. वर मथळा, परतीची नाव. आणि पेन्सिलीनं बारीक, पिंजऱ्यातले प्राणी, दाणापाणी, विचारणे.

विचारणे. कोणाला विचारणे? नाव लिहायला पेन्सिल झिजत होती काय? मला म्हणावं तर तसं लिहिलं नाही. लायब्ररीतल्या बाईला म्हणावं तर तिला काय कळतंय दाणापाणी. अशी तुमची तऱ्हा. मेल्यावरसुद्धा अर्धवट बोलून माणसाला जागेवर उभं करायचं.

आधीची पानं वाचली. वसंत ऋतूत कप्तानांनी नदीनं एक नाव माघारी पाठवली. तिच्यावर पेटारे, शिंगं, कातडी, आणि पिंजऱ्यांत सहा जिवंत जीव. चार मॅगपाय, लांब शेपटीचे काळेपांढरे पक्षी, एक माळावरची कोंबडी, आणि तो प्रेअरी डॉग. नदी, मग समुद्र, कित्येक महिन्यांचा प्रवास. राष्ट्राध्यक्षाच्या घरी पोचले तेव्हा दोनच जिवंत होते. एक मॅगपाय आणि प्रेअरी डॉग. आणि तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं की कप्तान त्या नावेवर नव्हतेच. ते पुढं पश्चिमेला गेले.

मग पाणी कोणी पाजलं, बाई?

इथं मला तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुम्हाला काय, कोणालाच सांगितलं नाही. एकदा साहेबांबरोबर आंबोलीला गेलो होतो. साहेबांकडे बंदूक, माझ्याकडे पिंजरा. तीन बुलबुल जिवंत धरले. परतताना एसटीत पिंजरा माझ्या मांडीवर. आत पाण्याची वाटी ठेवली होती, मला वाटलं झालं काम. पहिल्याच वळणाला वाटी उलटी झाली. पिंजऱ्यावर फडकं टाकलं होतं, पाखरं घाबरू नयेत म्हणून, त्यामुळे दिसलं नाही. मी पेंगलो. गाव आलं तेव्हा फडकं काढलं, तर दोन खाली पडलेले. साहेब म्हणाले, "ठीक आहे, ते दोन सोलून ठेव." मी सोलले. फार चांगले बसवले, माझ्या हातचे सगळ्यात चांगले तेच असतील. त्यांच्या पायातल्या चिठ्ठीवर माझं नाव नाही याचं मात्र मला कधी वाईट वाटलं नाही. त्यानंतर जिवंत पाखरू नेताना मी कधी वाटी ठेवली नाही. ओला कापूस ठेवायचा, काकडीची फोड ठेवायची, आणि दर तासाला फडकं उचलून बघायचं.

सोमवार संध्याकाळ आणि अख्खा मंगळवार मी नातीच्या शाळेच्या वहीत पान लिहीत होतो. सून दोनदा विचारून गेली, बाबा, बरं वाटत नाही का? नात शेजारी येऊन बसली. "आजोबा, व्हॉट आर यू रायटिंग?" म्हटलं, नावेवरच्या गड्याचं लिहितोय. म्हणाली, "व्हॉट्स हिज नेम?" म्हटलं, कोणाला माहीत नाही. "देन हाऊ डू यू नो ही वॉज देअर?" बाई, ही पोरगी तुमच्याकडे दोन वर्षं शिकली, ते वाया गेलं नाही. मी तिला म्हटलं, पिंजऱ्यातलं पाखरू महिनोन् महिने आपलं आपण पाणी पीत नाही.

चार पानं फाडली. लिहिताना सारखे तुम्ही पलीकडे बसून म्हणत होतात, असं नाही, भिकाजीराव, हे वाक्य उलटं झालं. मी उलटंच ठेवलं. मंगळवारी संध्याकाळी एक पान भरलं. एकच. तुम्ही एकच मागितलं होतंत.

बुधवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि नऊ वाजता मीनलच्या घरी गेलो. ती त्याच टेबलाशी बसली होती. मी तुमच्या खुर्चीत बसलो नाही, माझ्या खुर्चीत बसलो. म्हटलं, "कव्हरवर आईचंच नाव. आभारातली माझी ओळ काढ. आणि हे कोऱ्या जागी घाल."

तिनं वही घेतली, डोळे बारीक केले, म्हणाली, "काका, तुमचं हँडरायटिंग मला लागत नाहीये. वाचता का? मी टाइप करते. नंतर थोडं एडिट करू."

"एडिट नाही. एक शब्द बदलायचा नाही."

"ओके, ओके. वाचा."

मी वाचायला लागलो. मोठ्यानं, बोट ठेवून. नाव निघाली तेव्हा पिंजऱ्यांपाशी एक गडी बसला. कप्तान पुढं गेले होते. गड्यानं वाटीत पाणी ठेवलं, नाव हलली की ते सांडलं. हे त्याला पहिला पक्षी मेल्यावर कळलं. मग तो फडकं भिजवून पिंजऱ्यात ठेवायला लागला, आणि रोज सकाळी स्वतः चूळ भरायच्या आधी ते फडकं ओलं करायला लागला.

मीनलची बोटं थांबली.

"काका, हे कुठे लिहिलंय? म्हणजे हा गडी, हे फडकं? आईला सोर्स लागायचा. ती हे ठेवू देणार नाही."

"कुठंच लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "पुरावा नाही. म्हणून तर या पानाखाली माझं नाव घाल. चुकलं तर मला विचारतील."

 मग तिनं पानाच्या खाली माझं नाव टाइप केलं, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, आणि म्हणाली, "पुढे?"

मी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.